एप्रिलची कात्री



द्राक्ष बागायतदारांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. दर, निर्यात, अवकाळी यांवर इथे भरपूर चर्चा होईल आणि व्हायलाच हवी. मी मात्र माझा वेळ एकाच कामासाठी मागून घेतो आहे, एप्रिलच्या खरड छाटणीसाठी.

युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते, तिला वर्षाला एक छाटणी पुरते. आपल्या नाशिक, सांगली, सोलापूरच्या हवेत वेलीला झोप नाही. म्हणून आपण दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये काडीसाठी आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी. ऑक्टोबरला घरादाराचा जीव बागेत असतो. एप्रिलला माल नुकताच उतरलेला, व्यापाऱ्याकडचे पैसे अडकलेले, विहिरीचं पाणी खाली गेलेलं. अशात ती छाटणी उरकून टाकली जाते. पण घड ठरतो तो याच दिवसांत. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांच्या काळात डोळ्याच्या पोटात सूक्ष्मघड तयार होतो. ऑक्टोबरची कात्री त्याला बाहेर आणते, इतकंच. जो आत धरलाच नाही, तो कुठल्या फवारणीने बाहेर येणार?

ओलांड्यावर, म्हणजे खोडापासून तारेवर नेलेल्या आडव्या फांदीवर, एकेक डोळा राखून आपण जुनी काडी कापतो. फुटी दाटीनं येतात. त्यांची विरळणी वेळेवर झाली नाही तर पानांवर पानं चढतात, जूनमध्ये आभाळ आलं की आत सावलीच सावली होते, आणि सावलीतला डोळा घडाऐवजी बाळी देतो. राखलेल्या फुटीला सात-आठ पानं आली की शेंडा खुडायचा. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्सिन बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवत असतं. शेंडा गेला की तो दाब सुटतो आणि बगलफूट निघते. टोकाजवळची एक बगलफूट राखून बाकीच्या काढल्या, की तीच सबकेन होते. सबकेनची गाठ जिथे पडते तिथे अन्नसाठा चांगला होतो, त्या गाठीजवळचे डोळे जाड आणि गोल दिसतात. काडी आठ ते दहा मिलिमीटर जाडीची, सालीनं तपकिरी झालेली, कापली तर आतला गाभाही तपकिरी पडलेला, अशी असली की माझ्या मनाला स्वस्थता वाटते. हिरव्या गाभ्याच्या काडीवर ऑक्टोबरचा भरवसा ठेवू नये.

नव्या बागेचंही तेच आहे. डॉगरिजच्या खुंटावर कलम लागलं की रिकट घ्यायला हात धजत नाही, एवढी वाढलेली फूट कापायची कशी, असं वाटतं. पण जोडाच्या वर चार-पाच डोळे ठेवून कापलेल्या कलमावर जी एक फूट सरळ उठते, तिचंच खोड पुढे मांडवाचा भार पेलतं. ओलांडाही एका दमात तारेवर नेऊ नये. नऊ-दहा पानांवर थांबवावा, बगलफुटी काड्यांसाठी राखाव्यात, मग पुढचा टप्पा घ्यावा. घाईनं लांबवलेला ओलांडा मध्येच उघडा राहतो आणि ती जागा बागेचं आयुष्य संपेपर्यंत भरत नाही. पहिलं पीक एक वर्ष लवकर मिळावं म्हणून केलेली ही घाई मला कधीच पटलेली नाही.

आता कात्री ज्यांच्या हातात असते त्यांच्याविषयी. दिंडोरी-निफाडच्या बागांत पेठ आणि सुरगाण्याकडून टोळ्या येतात. गेल्या हंगामात सुरगाण्याकडची एक बाई काम करताना मी उभा राहून पाहिली. कात्री चालवण्याआधी ती काडी अंगठ्यानं चाचपायची, डोळा कुठल्या बाजूला आहे ते बघायची आणि डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घ्यायची. दोन्ही बाजूंच्या ओळी पुढे गेल्या होत्या, तिची मागे होती. आणि आपण मजुरी कशी देतो? एकरी, उक्ती. म्हणजे जो काडी बघत नाही त्याला दिवसाला जास्त पैसे पडतात आणि जी बघते तिला कमी. हा व्यवहार आपण ठरवलेला आहे, तो बदलणंही आपल्याच हातात आहे.

ऑक्टोबरच्या पेस्टिंगचं तर बोललंच पाहिजे. डोळे फुटावेत म्हणून आपण काडीला लावतो ते हायड्रोजन सायनामाईड विषारी आहे. अंगावर गेलं तर कातडी भाजते, आणि त्या दिवसांत पोटात दारू गेली तर माणूस गंभीर आजारी पडतो. हातमोज्यांशिवाय कुणाच्या हातात तो डबा देऊ नका, आणि दारूची गोष्ट टोळीतल्या प्रत्येकाला त्यांच्या बोलीत समजावून सांगा.

म्हणून सभागृहापुढे मी दोन ठराव मांडतो. खरड छाटणीची आणि विरळणीची मजुरी यापुढे एकरी न देता रोजावर द्यावी. आणि मार्च महिन्यात, छाटणी सुरू होण्याआधी, प्रत्येक तालुक्यात टोळ्यांसाठी बागेतच प्रशिक्षण घ्यावं, त्या दिवसांचा पूर्ण रोज बागायतदारांनी द्यावा. दोन्हींवर आज संध्याकाळच्या सत्रात मतदान घ्यावं, अशी माझी विनंती आहे.