नावातच पाणी

‘गुलाब’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. मुळात हे गुलाबपाण्याचे नाव. आपण ते फुलालाच देऊन टाकले. पण नावात पाणी असलेले हे झाड कुंडीत बहुधा तहानेने मरत नाही, मुळाशी साचलेल्या पाण्याने मरते.

आमच्या खडकवासल्यात तर हे फार जपावे लागते. एका अंगाला धरणाचा जलाशय, दुसऱ्या अंगाला सिंहगडाचा डोंगर. जूनपासून हवेत ओल भरून राहते. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडतात, पाने पिवळी होऊन गळतात. ही बुरशी. म्हणून पाणी सकाळी, तेही मुळाशी घालावे, पानांवर नको.

उरुळी कांचनच्या रोपवाटिकांत गेले की नजर मोठ्या फुलावर खिळते. फूल आठवडाभराचे, रोप कित्येक वर्षांचे. तेव्हा आधी खोड पाहा. दोन-तीन जाडसर हिरव्या फांद्या हव्यात, कलमाचा जोड पक्का हवा. मग आपली जागा आठवा. सहा तास ऊन येत नसेल, तर गुलाबाचा हट्ट सोडून मोगराही नको, सावलीतले दुसरे काही न्या. ऊन आहे पण जागा थोडी, तर बुटका मिनिएचर; त्याला आठ इंची कुंडी पुरते. झुपक्याने फुलणाऱ्या फ्लोरिबंडाला किंवा एकेका मोठ्या फुलाच्या हायब्रिड टीला निदान बारा इंची कुंडी हवी. नवख्याने गावठी गुलाब घ्यावा. त्याला मोठ्या फुलांचा दिमाख नाही, पण वास आहे आणि अंगी काटकपणा आहे. औषध न फवारलेल्या त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद करता येतो. त्याचे फूल देव्हाऱ्यातही शोभते आणि उरुसाच्या चादरीवरही.

कुंडीच्या भोकावर खापरी पालथी ठेवा. दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. नुसती काळी माती नको. ती ओली असताना चिकटते, वाळली की तडकते. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या. जोडाखालून फुटलेली जोमदार फांदी ही खुंटाची असते. ती पाहून हरखू नका, मुळापासून काढा. नाहीतर खुंट माजतो आणि कलम उपाशी मरते.

पाण्याचे वेळापत्रक नको. बोट दोन पेरे मातीत घाला. कोरडे लागले तरच पाणी द्या. उन्हाळ्यात मातीवर पालापाचोळा पसरा, भाजी धुतलेले पाणी वापरा. पुण्याच्या नळाला येते ते बहुतेक पाणी इथूनच जाते, तेव्हा ते जपलेले बरे. पावसाळ्यात कुंड्या विटांवर उचलून ठेवा. पाऊस सरला की ऑक्टोबरात, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या थोडे वर तिरकी छाटणी करा. साधारण दीड-दोन महिन्यांत फुले येतात.

पुष्कळांच्या नावावर गुंठाभरही जमीन नसते. बारा इंचांची माती मात्र भाड्याच्या खोलीतही आपली असते, आणि घर बदलले तर बरोबर नेता येते. तुमच्या गॅलरीत एखादा गुलाब मलूल उभा असेल, तर त्याला टाकून देऊ नका. आधी कुंडी उचला आणि तळाचे भोक बुजले आहे का, ते पाहा.