उंबरठ्याअलीकडची वर्षे
(व्याख्यानाचा मजकूर)



इसवी सन १४७२ हे वर्ष गोमंतक आणि बीदर या दोहोंच्या इतिहासात एकाच पुरुषाच्या नावाने नोंदले गेले आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने त्या वर्षी विजयनगरच्या अंमलाखालचे गोवे जिंकून घेतले, आणि त्याच सुमारास राजधानी बीदर येथे त्याचा प्रसिद्ध मदरसा उभा राहिला. त्या तीन मजली वास्तूत अध्यापनाचे दिवाणखाने होते, ग्रंथालय होते. आणि त्यांच्याच जोडीला अध्यापकांच्या व विद्यार्थ्यांच्या निवासाच्या खोल्याही होत्या. दूरच्या गावाहून येणाऱ्या मुलाला विद्या द्यावयाची तर त्याच्या मुक्कामाची सोय आधी करावी लागते, हा व्यवहार त्या रचनेत स्पष्ट दिसतो.

त्याच बीदर जिल्ह्यातील आजच्या विद्यार्थ्याची स्थिती पाहण्यासारखी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. सीमेची रेषा आखली गेली, तरी घरांतील भाषा पालटली नाही. औराद, भालकी, बसवकल्याण या तालुक्यांत आजही अनेक कुटुंबे मराठी बोलतात. अशा एखाद्या शेतमजुराच्या घरातील मूल दहावीपर्यंत मराठीतून शिकते. पुढे पी. यू. सी. च्या विज्ञान शाखेत पाऊल टाकताच त्याच्यापुढे इंग्रजी पाठ्यपुस्तके येतात. कचेरीतील कामकाज कन्नडमधून चालते. वैद्यकीय शिक्षणाच्या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते हे खरे. परंतु ज्याने दोन वर्षे पदार्थविज्ञान इंग्रजीतून घोकले, त्याला ऐन परीक्षेत मराठी परिभाषाही परकीच वाटावयाची.

याहून मोठी अडचण डोळ्यांना दिसत नाही. सुशिक्षित घरातील मुलाला कोणती परीक्षा केव्हा असते, अर्ज कोठे करावयाचा, कोणता दाखला आधी काढून ठेवावयाचा, हे जेवता जेवता वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून कळते. ज्या घरात महाविद्यालयाची पायरी कोणीच चढलेले नाही, तेथे हे सांगणारे माणूसच नसते. बुद्धी असते, कष्टाची तयारी असते. परंतु मुदत उलटून गेल्यावर ती मुदत होती हे समजते.

केवळ जागा राखून ठेवल्याने हा प्रश्न सुटत नाही. राज्यघटनेच्या ९८ व्या दुरुस्तीने कलम ३७१-जे समाविष्ट झाले, आणि २०१३ साली निघालेल्या आदेशान्वये, पुढे कल्याण-कर्नाटक असे नाव मिळालेल्या या मागास विभागातील विद्यार्थ्यांसाठी, तेथील शिक्षणसंस्थांत ७० टक्के व राज्यस्तरीय संस्थांत ८ टक्के जागा राखण्यात आल्या. ही तरतूद निःसंशय मोलाची होय. तथापि तिचा लाभ घेण्यासाठी पात्रतेचा दाखला वेळेवर हाती असावा लागतो, आणि प्रवेशपरीक्षेत निदान उभे राहता येईल इतकी तयारी झालेली असावी लागते. दार उघडे आहे. दारापर्यंतची वाट मात्र ज्याची त्याने चालावयाची आहे.

या वाटेचा विचार अन्य देशांतही झाला आहे. अमेरिकेत १९६४ च्या दारिद्र्यनिवारण कायद्यातून ‘अपवर्ड बाउंड’ नावाची योजना निघाली. महाविद्यालयात प्रवेश मिळाल्यानंतर साहाय्य करण्याऐवजी माध्यमिक शाळेतील मुलांनाच हाती धरावयाचे, वर्षभर शिकवणी व मार्गदर्शन द्यावयाचे, उन्हाळ्यात काही आठवडे विद्यापीठाच्या आवारात ठेवून शिकवावयाचे, असे तिचे स्वरूप. लाभार्थींपैकी निदान दोन-तृतीयांश मुले निर्धन घरांतील आणि पदवीधर नसलेल्या आईबापांची असावीत, असा तिचा दंडक आहे. आपल्या देशात पाटण्याला आनंदकुमार यांनी २००२ साली निवडक ३० निर्धन मुलांना घरचे अन्न व निवारा देऊन अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेस बसविण्याचा उपक्रम सुरू केला. त्या मुलांचा स्वयंपाक त्यांच्या मातोश्री करीत.

बीदरनेही स्वतःचे उत्तर शोधले. डॉ. अब्दुल कदीर यांनी १९८९ साली तेथे ‘शाहीन’ संस्था स्थापन केली. मध्येच शाळा सुटलेल्या, तसेच मदरशात शिकून गणित-विज्ञानाची ओळखही न झालेल्या मुलांसाठी तेथे एक स्वतंत्र वर्ग चालविला गेला. रुग्णालयातील अतिदक्षता विभागाचेच नाव त्यास देण्यात आले. मूल ज्या इयत्तेत अडले तेथपर्यंत मागे जावयाचे, भाषा व अंकगणित यांचा पाया घालावयाचा, आणि मगच त्याला नित्याच्या वर्गात बसवावयाचे, अशी ती पद्धत. या वाटेने गेलेली मुले वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. बसवकल्याण तालुक्यातील नवोदय विद्यालयाचे तत्त्वही निराळे नाही. तेथे निवड सहावीसाठी होते, आणि निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांकरिता असतात.

या सर्व प्रयत्नांतून एकच गोष्ट सिद्ध होते. महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर दिलेले द्रव्य फार उशिरा येते. खरे साहाय्य त्याअलीकडच्या तीन-चार वर्षांत हवे असते.

देवस्थानांच्या महाजन कुटुंबांना हा विचार परका नाही. गुणगौरवाचे समारंभ होतात, उत्तीर्णांना पारितोषिके मिळतात, आणि ते योग्यच आहे. परंतु पारितोषिक पोहोचलेल्याला मिळते. वाटेत थांबलेल्याचे नाव कोणत्याच यादीत येत नाही. उत्सवाचे दिवस सोडले तर अग्रशाळांच्या खोल्या वर्षातील बराच काळ बंद असतात. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांपैकी काही खोल्यांत नववी-दहावीच्या वीस-पंचवीस मुलामुलींची राहण्याजेवणाची सोय झाली, निवृत्त शिक्षकांनी इंग्रजी व गणित शिकविले, महाजन घरांतील महाविद्यालयीन तरुणांनी अर्ज भरून घेतले व दाखल्यांची यादी हाती दिली, तर त्यास फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

ही मुले कोणाची असावीत, याचेही उत्तर दूर शोधावयास नको. वाजंत्री, फुले आणणारे, पालखीला खांदा देणारे अशा सेवेकरी कुटुंबांच्या श्रमावर प्रत्येक उत्सव उभा राहतो. त्यांच्यापैकी किती घरांतून आजवर एकही पदवीधर निघाला नाही, याची नोंद समितीने प्रथम करावी. त्या नोंदीतील पहिले नाव येत्या सुट्टीत अग्रशाळेत राहावयास आले, तर या स्मारक वर्षाचे सार्थक होईल.