होडीचा दिवा कुणाच्या जिवावर?



केरळात वेंबनाड जलाशयावर जानेवारी २०१७मध्ये ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौरबोट धावू लागली. तेव्हापासून विजेवरची बोट आपल्या देशात नवलाची उरली नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. पण बेंबळा, अरुणावती, इसापूर असे मोठे जलाशय आहेत आणि त्यांवर पोट असलेले मच्छीमारही आहेत. उद्या लोहाऱ्याच्या एखाद्या कारागिरानं छोट्या होडीला बॅटरीवरची मोटर बसवायचं ठरवलं, तर मोटर त्याला फारशी अडणार नाही. घोटाळा होईल तो दिव्यापाशी.

कसा, ते पाहू. मोटर ४८ व्होल्टची. त्यासाठी १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. दिवा, भोंगा, पाणी उपसायचा पंप, मोबाइलचा चार्जर ही मंडळी मात्र १२ व्होल्टची. मग सोपा उपाय सुचतो : चारांतल्या एका बॅटरीवरून दोन तारा काढल्या की झालं! दिवा लागतोही. पण हे म्हणजे दिवसभर चार बैलांनी नांगर ओढायचा आणि रात्री त्यातल्या एकालाच पुन्हा मोटेला जुंपायचं.

हिशेब करा. प्रत्येक बॅटरी १०० अँपिअर-तासांची. मोटरीनं प्रत्येकीतून ५० घेतले. दिवा आणि पंप मिळून ३ अँपिअर, पाच तास चालले. म्हणजे त्या एकीतून आणखी १५ गेले. तिघींत ५० उरले, चौथीत ३५. आता ४८ व्होल्टचा चार्जर चौघींना सारखाच प्रवाह देतो. तिघी भरल्या की त्या उतू जायला लागतात, त्यांचं पाणी आटतं. चौथी मात्र अर्धपोटीच राहते. रोज असं झालं की काही महिन्यांत ती बसते आणि तिच्यापायी चौघींचा संच वाया जातो.

मग करायचं काय? लोहाऱ्याहून यवतमाळला जाताना ई-रिक्षा दिसली, तर तिच्या चालकाला विचारा. तिथंही बहुधा चारच बॅटऱ्या असतात, पण दिवे आणि भोंगा यांच्यासाठी मध्ये एक छोटी डबी असते. तिला कन्व्हर्टर म्हणतात. ती चारही बॅटऱ्यांकडून सारखंच घेते आणि १२ व्होल्ट करून देते. सगळी उपकरणं मिळून १० अँपिअर घेत असतील, तर डबी १५ अँपिअरची घ्यावी. कारण पंप सुरू होताना क्षणभर जास्त ओढतो. चार्ज होताना ४८ व्होल्टचा संच ५८च्या आसपास जातो, तेवढं सोसणारी डबी हवी.

दोन पथ्यं आणखी. पहिलं, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, धन तारेवर. तार घासून उघडी पडली तर आग तारेतच लागते, आणि पाण्याच्या मधोमध पळायला जागा नसते. दुसरं, तार जाड हवी. पंप पाच मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तार होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत १० अँपिअरला सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्ची पडतो. चार चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्धा व्होल्टही जात नाही.

आणि शेवटची गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची. कन्व्हर्टर कितीही चांगला असला, तरी मोठा संच संपला की दिवाही विझतो. अंधार पडलेला, मोटर बंद, वारा सुटलेला. नेमकी तेव्हाच दिव्याची गरज असते. म्हणून ७ अँपिअर-तासांची एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी वेगळी ठेवा. ती घरी वेगळी चार्ज करा, मोटरीशी तिचा संबंध नको. तिच्यावर ५ वॉटचा एलईडी दिवा रात्रभर जळतो. होडी जागची हलणार नाही, पण शोधायला निघालेल्यांना ती दिसेल. मोटर आपल्याला काठावर आणते. ती थांबली, तर माणसांना आपल्यापर्यंत आणायचं काम दिव्याचं असतं.