ट्रॅक्टर पहाटे चालू का होत नाही?

(सांगली जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर आणि शेजारच्या माण-खटावमधून आपण आलात. आजचा विषय ऐकून काहीजण हसले असतील. भावाचा प्रश्न नाही, कर्जाचा नाही, पाण्याचा नाही. ट्रॅक्टर पहाटे चालू होत नाही हा काय भाषणाचा विषय झाला? पण या हिवाळ्यात तीन गावांतून हाच प्रश्न आमच्याकडे आला, आणि या प्रश्नापायी एक पोरगा जायबंदी झालेला आम्ही पाहिला आहे. म्हणून बोलायचं ठरवलं.

एका तरुण ट्रॅक्टरमालकानं आम्हाला मोबाईलवर चित्रफीत दाखवली. कॅनडातलं शेत, गुडघाभर बर्फ. ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूनं एक वायर लोंबतेय. शेतकरी रात्री ती वायर विजेला जोडतो आणि सकाळी ट्रॅक्टर एका सेल्फमध्ये चालू होतो. पोरगा म्हणाला, "दादा, असला हीटर बसवून देतो म्हणून एकजण मागं लागलाय. घेऊ का?"

आमचं उत्तर आहे, घेऊ नको. पण नुसतं 'नको' म्हटलं तर ते खुर्चीवरच्या साहेबाचं उत्तर झालं. का नको, आणि मग करायचं काय, हे दोन्ही सांगितलं पाहिजे.

आधी त्या हीटरला न्याय देऊ. तो काही फसवा माल नाही. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थेचा व्यवस्थापक अँड्र्यू फ्रीमन यानं इंजिनाच्या हेडमधला एक बोल्ट काढून त्याजागी विजेनं तापणारा बोल्ट बसवायची युक्ती काढली. १९४९ साली त्याला तिचं पेटंट मिळालं. त्या मुलखात थंडी उणे ३० अंशांच्या खाली जाते. तिथं हीटर ही चैन नाही, गरज आहे. कॅनडातल्या कित्येक शहरांत गाड्या उभ्या करायच्या जागेवरच विजेचे प्लग बसवलेले असतात ते याचसाठी.

आता डिझेल इंजिनाला थंडी का बाधते ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. पिस्टन हवा दाबतो, साधारण सोळा-अठरा पटीनं. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते, तेच इथं होतं. दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. म्हणजे डिझेल इंजिनाची काडेपेटी म्हणजे दाब. दाब हवा तर इंजिन जोरात फिरलं पाहिजे, आणि जोरात फिरवायचं काम सेल्फ आणि बॅटरीचं.

कडाक्याच्या थंडीत चार गोष्टी होतात. ऑईल घट्ट होतं, त्यामुळं इंजिन जड फिरतं. बॅटरीची ताकद घटते. शून्य अंशाला सुमारे एकतृतीयांश जाते, उणे १८ला निम्म्याहून जास्त. हवेची ऊब थंडगार लोखंड पिऊन टाकतं. आणि डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. या चारही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या कुठं खऱ्या आहेत, ते विचारायला हवं.

आपल्या सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात भर हिवाळ्याच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांच्या आसपास असतो. एखाद्या वर्षी त्याच्या खाली उतरतो. साताऱ्यातच महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, त्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. पण तिथं स्ट्रॉबेरी आहे, ज्वारी नाही. कापसाच्या मुलखात थंडी जास्त. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर आला होता. म्हणजे तिथली कडाक्याची थंडीसुद्धा शून्याच्या वरचीच. आणि आपल्या देशातल्या मानकाप्रमाणं हिवाळ्यात विकलं जाणारं डिझेल ३ अंशांपर्यंत वाहतं राहिलं पाहिजे. जिथं हे डिझेल खरोखर गोठतं त्या लडाखसाठी इंडियन ऑईलनं २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल काढलं. तो प्रश्न लडाखचा आहे, जतचा नाही.

भावांनो, दहा अंशांच्या थंडीत धडधाकट ट्रॅक्टर कुठल्याही हीटरशिवाय चालू व्हायलाच पाहिजे. होत नसेल तर थंडीनं त्याला बिघडवलेलं नाही. थंडीनं फक्त आधीचा बिघाड उघडा पाडला आहे. दुपारच्या उन्हात जी बॅटरी कशीबशी सेल्फ फिरवते, ती पहाटे हात टेकते. हीटर बसवला तर काय होईल? तो बिघाड आणखी काही दिवस झाकला जाईल. हजार वॅटचा हीटर तीन तास चालला तर रोज तीन युनिट वीज जळेल, आणि ज्या रात्री लाईट नाही त्या सकाळी ट्रॅक्टर पुन्हा जागच्या जागी.

मग बिघाड शोधायचा कसा? मिस्त्रीकडं जाण्याआधी दोन परीक्षा घरच्या घरी करा.

पहिली परीक्षा दिव्याची. ट्रॅक्टरचा पुढचा दिवा लावा आणि सेल्फ मारा. दिवा एकदम मंद झाला, विझल्यासारखा झाला, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर. दिवा तसाच लखलखीत राहिला आणि सेल्फ गप्प बसला, तर दोष स्विचमध्ये, सोलेनॉइडमध्ये किंवा वायरीत. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर बॅटरीला बोल लावू नका, दुसऱ्या परीक्षेकडं या.

दुसरी परीक्षा धुराची. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नसेल, तर डिझेल पोचत नाही. बंद करायचा दांडा ओढलेला राहिलाय का पाहा, फिल्टर पाहा, लाइनीनं एअर घेतली असेल तर एअर काढा. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. सेल्फ नीट फिरत असूनही रोज असंच होत असेल तर रिंगा, व्हॉल्व्ह किंवा नोझल दाखवायला झाले. एवढं पाहून गेलात तर मिस्त्रीला काय सांगायचं ते तुम्हाला कळेल, आणि नको ते काम खोललं जाणार नाही.

आमचा अनुभव असा की बहुतेक वेळा गाडं पहिल्याच परीक्षेत अडतं. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी साचलेली असते. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ती धुवायची, पण त्याआधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडवायची. सोडवताना अर्थिंगचं आधी, जोडताना ते शेवटी. कोरडं करून घट्ट आवळायचं, वर थोडं ग्रीस लावायचं. अर्थिंगची वायर जिथं लोखंडाला आवळलेली असते तिथला गंज खरवडायचा. बॅटरीत आम्लपाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड पाणी, विहिरीचं नाही. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी मिळते, गावात एक असली तरी पुरे. तिच्यात आकडा १.२६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली, १.२०च्या खाली असेल तर चार्जिंगला द्या. बंद बॅटरी असेल तर मीटर लावा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी.

आता त्या पोराची गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. फेब्रुवारीची पहाट, ज्वारीची मळणी धरलेली. खळ्यावर आठ बायका रोजानं आलेल्या, मळणीयंत्र उभं, आणि ट्रॅक्टर चालू होईना. चावीनं सेल्फ कधीचाच लागत नव्हता. पोरगा रोजच्यासारखा खाली उतरला, मागच्या चाकापुढं उभा राहिला आणि सेल्फच्या दोन टोकांवर पाना टेकवला. ठिणगी उडाली, इंजिन धरलं. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. मागचं चाक त्याच्या मांडीवरून गेलं. पोरगा वाचला, पाय वाचला नाही.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा ट्रॅक्टर दारातच उभा होता. बॅटरीचं झाकण उघडून पाहिलं. टर्मिनल त्या भुकटीनं नुसतं भरलेलं. त्याच्या आईनं तांब्याभर कोमट पाणी आणून दिलं आणि आम्ही ते धुतलं. टर्मिनल आवळून, न्यूट्रल पाहून, सीटवर बसून चावी फिरवली. ट्रॅक्टर चालू झाला. त्या अंगणात कोणी काही बोललं नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. पाना टेकवून ट्रॅक्टर चालू करू नका. सेल्फ लावायचा तो सीटवर बसून, गिअर न्यूट्रल, क्लच दाबलेला. ज्या ट्रॅक्टरमध्ये गिअर असताना सेल्फ लागू नये म्हणून स्विच दिलेला असतो, तो मिस्त्रीकडून थेट जोडून घेऊ नका. तो स्विच कटकट नाही, पहारेकरी आहे. रात्री ट्रॅक्टर उतारावर लावून चाकाखाली दगड ठेवायची आपल्याकडं सवय आहे. त्या चाकाजवळ आपलीच लेकरं खेळतात. उतारावरचा ट्रॅक्टर म्हणजे बॅटरीची दुरुस्ती टाळल्याची खूण, एवढं ध्यानात ठेवा.

आणखी दोन सवयी सोडा. एक, ऑईलच्या चेंबरखाली जाळ करणं किंवा हवेच्या तोंडाशी पेटतं फडकं धरणं. ऑईल-डिझेल पाझरत असतं, रबरी नळ्या असतात, शेजारी कडब्याची गंज असते. वर्षाचा चारा आणि ट्रॅक्टर एकाच काडीत जातील. दुसरी, ईथरचा फवारा. तो डिझेलपेक्षा फार लवकर पेटतो, पिस्टन वर यायच्या आत भडकतो, रिंगा आणि पिस्टन फोडतो. ज्या इंजिनात हवा तापवायची कॉइल किंवा हीटर प्लग आहे तिथं तर हवेच्या वाटेतच स्फोट होऊ शकतो.

आणि हो, बऱ्याच ट्रॅक्टरना कंपनीनंच हीटर दिलेला असतो! चावी सेल्फच्या आधी एका टप्प्यावर थांबते ना, कित्येक ट्रॅक्टरांत तो त्या हीटरचा टप्पा. तिथं पंधरा-वीस सेकंद चावी धरायची आणि मग सेल्फ मारायचा. आपण किती जण धरतो? सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. तेवढ्यात बॅटरी दम धरते. संध्याकाळी टाकी भरून ठेवा, म्हणजे रिकाम्या टाकीत रात्री पाणी धरत नाही. ऑईल पुस्तिकेत सांगितलेलंच घाला. १५ डब्ल्यू ४० लिहिलेल्या ऑईलमधला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. आपल्या थंडीला ते पुरून उरतं.

जुन्या माणसांना हे नवीन नाही. विहिरीवरच्या एकसिलिंडरी इंजिनाला हँडल मारताना आपले वडील आधी डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचे, इंजिनाला वेग द्यायचे आणि मग खटका सोडायचे. फार गारठा असला तर इंजिनाच्या पाण्यात कोमट पाणी ओतायचे. तोच त्यांचा हीटर. इंजिन कसं पेट घेतं हे त्यांना हातानं कळलेलं होतं.

याच जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्याआधी त्यांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमीन बिघडेल अशी शंका होती. लोक हसतात त्या शंकेला. आम्ही हसत नाही. ज्याचं पोट जमिनीवर आहे त्यानं शंका घ्यायलाच हवी. नांगर शेतात चालवून पाहिला, शंका फिटली, मग नांगर घेतला. हीटरचंही तसंच करा. आपल्या शेतात, आपल्या थंडीत, आपल्या हिशोबात तो बसतो का पाहा. आम्हाला तो बसताना दिसत नाही.

ट्रॅक्टर एकाचा असतो, पण त्याच्यावर खोळंबणारे दहा असतात. ज्यांचे बैल गेले, ज्यांची चार एकर ज्वारी खळ्यावर पडली आहे, ज्या बाया रोजावर आल्यात, त्या सगळ्यांची सकाळ त्या एका सेल्फवर टांगलेली असते. म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावानं एवढं करावं. गावातले ट्रॅक्टर एका रविवारी एका ठिकाणी लावा. टर्मिनल धुवा, बॅटऱ्या तपासा. कुठल्या ट्रॅक्टरचा सेल्फ चावीनं लागत नाही त्याची यादी करा, आणि तो दुरुस्त होईपर्यंत त्यावर घरच्या पोराला चढू देऊ नका.

पुढच्या बैठकीत याद्या घेऊन या. आम्ही त्या मोठ्यानं वाचणार आहोत.