मापात पाप नसावे
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



मराठीच्या अध्यापकाने वैज्ञानिक मोजमापावर बोलावे, हा थोडा आगंतुकपणाच आहे. तथापि या विषयाचा पहिला धडा मला घरातच मिळाला. माझ्या लहानपणी धाकट्या भावाला ताप भरला होता. वडिलांनी त्याच्या काखेत थर्मामीटर लावला, कचेरीच्या घाईत लगेच काढला आणि "९९ आहे" असे सांगून ते चपला घालू लागले. आईने भावाच्या कपाळावर हात ठेवला व म्हणाली, "अहो, हे काही पटत नाही. पुन्हा लावून पाहा." या वेळी पाच मिनिटे थांबून पाहिले, तर पारा १०३ वर! उपकरण बिघडलेले नव्हते, वडीलही खोटे बोलत नव्हते. आकडा मात्र खोटा होता. आकडा कसा घेतला हे जोवर ठाऊक नाही, तोवर तो आकडा अपुराच असतो, हे मला त्या दिवशी कळले.

आईचा हात ताप ओळखत असे. न्हाणीघरातले पाणी कोमट की कढत, हेही तो सांगे. पण त्या पाण्यात काय वाढते आहे, हे कोणताही हात सांगू शकत नाही. १९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी माजी सैनिकांचे अधिवेशन भरले. त्यानंतर अनेकांना विचित्र न्यूमोनिया झाला व सुमारे तीस माणसे दगावली. नेहमीच्या तपासण्यांत जंतू सापडेना. जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाला काचपट्टीवर काही दंडाकृती जंतू दिसले होते. परंतु ते क्षुल्लक समजून त्याने बाजूला सारले. वर्ष सरता सरता मनातील रुखरुख त्याला स्वस्थ बसू देईना. त्याने त्याच काचपट्ट्या पुन्हा तपासल्या आणि १९७७ च्या जानेवारीत रोगाचे कारण जाहीर झाले. तो जंतू म्हणजे लिजिओनेला. प्रयोगशाळेतील नेहमीच्या पोषकद्रव्यावर तो वाढतच नसे. 'आढळले नाही' आणि 'नाही' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, पाहा! हा जंतू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात फोफावतो आणि तुषारांवाटे श्वासात जातो. म्हणून मोठ्या इमारतींच्या टाक्यांतील गरम पाणी ६० अंशांवर ठेवावे, असे सांगतात. हातापेक्षा थर्मामीटर श्रेष्ठ ठरतो तो येथे.

जंतू निदान सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. न्यूट्रिनो हा कण तर साऱ्या पृथ्वीतून आरपार निघून जातो. क्वचितच एखादा कुठे अडखळतो. त्याला टिपायचे तर इतर किरणांचा गलबला टाळण्यासाठी जमिनीखाली खोल जावे लागते. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या, ही आपल्या अभिमानाची गोष्ट होय. त्याच सुमारास अमेरिकेतील दुसऱ्या एका सोन्याच्या खाणीत रेमंड डेव्हिस यांनी ६१५ टन द्रव भरलेली टाकी उभारली. हा द्रव ड्रायक्लीनिंगला वापरतात तोच. सूर्याकडून आलेल्या न्यूट्रिनोमुळे त्यात आर्गॉनचे मोजके अणू तयार होत व ते वेचून मोजावे लागत. गणिताने सांगितले त्याच्या सुमारे एक तृतीयांशच न्यूट्रिनो भरले. मोजण्यात चूक असावी, असे अनेकांना वाटले. डेव्हिस यांनी टाकीत ठरावीक आर्गॉन सोडून तो परत हाती येतो का, हे पडताळले. आकडा ढळला नाही. अखेर २००१-०२ मध्ये कॅनडातील प्रयोगाने उलगडा झाला : न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात. चूक मापात नव्हती, आपल्या समजुतीत होती. २००२ साली डेव्हिस नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले.

आता उलट उदाहरण ऐका. सप्टेंबर २०११ मध्ये 'ऑपेरा' या युरोपीय प्रयोगाने जाहीर केले, की जिनीव्हाजवळून निघालेले न्यूट्रिनो ७३० किलोमीटरवरील इटलीत प्रकाशाहून सुमारे ६० अब्जांश सेकंद आधी पोचले. आईन्स्टाइनच्या सिद्धान्ताला हा धक्काच होता. पण "आम्हांला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा" असे आवाहन त्यांनी स्वतःच केले. पुढील वर्षी दोष सापडला. प्रकाशतंतूच्या केबलचा एक जोड सैल बसला होता! एक संघ बरोबर ठरला, दुसरा चुकला. तरी सचोटी दोघांचीही सारखीच. आपले माप त्यांनी उघड्यावर मांडले आणि पुन्हा मोजण्याची वाट मोकळी ठेवली. विज्ञानातील आकड्यामागे 'अधिक-उणे' लिहितात, तो दुबळेपणा नव्हे. माणूस चुकतो, याची ती कबुली आहे. तीही कधी अपुरी पडते, म्हणून दुसऱ्याची नजर हवी.

मित्रहो, शंभर वर्षांचा हिशेब मांडताना आपणही ग्रंथसंख्या अभिमानाने छापू. माझी एवढीच विनंती, की दाखल नोंदवहीतला आकडा उतरवून घेण्यापूर्वी एकदा कपाटे उघडून पुस्तके मोजावीत; आणि जी हरवली, जी वाळवीने खाल्ली, त्यांचीही संख्या त्याच पानावर द्यावी. आकडा कदाचित लहान होईल. पण पुढच्या शंभर वर्षांतील सभासद त्यावर विसंबू शकतील.