रायगड, माचू पिचू आणि आपली विहीर

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सन्माननीय अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीची मंडळी आणि ‘भाषण किती वेळ, जेवण कधी’ हा प्रश्न चेहऱ्यावर घेऊन बसलेल्या माझ्या सर्व शेजाऱ्यांनो, नमस्कार.

कमिटीने मला विषय दिला, ‘माचू पिचूचं रहस्य’. गणपतीत मुलांनी पडद्यावर त्याची फिल्म दाखवली होती, तेव्हापासून सोसायटीत त्याची चर्चा आहे. पण खरं सांगतो, मी पेरू देशात गेलेलो नाही. माझा प्रवास जन्मगाव रोहा ते पेण एवढाच, आणि मध्ये शाळेतली पस्तीस वर्षं. रायगडावर मात्र किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. म्हणून विषय थोडा वळवतो. माचू पिचूवर जाऊ, पण मुक्काम रायगडावर करू. शेवटी खाली आपल्या आवारात उतरू. तिथे माझं एक काम आहे, ते शेवटी सांगेन.

आधी माचू पिचू. दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतात, सुमारे आठ हजार फुटांवर, दोन शिखरांच्या खिंडीत वसवलेलं दगडी नगर. खाली उरुबांबा नदी वळसा घालून जाते. पंधराव्या शतकात पाचाकुती नावाच्या इन्का राजाच्या काळात ते बांधलं गेलं असं मानतात. शंभर-सव्वाशे वर्षांत ते ओस पडलं. पुढे २४ जुलै १९११ रोजी हायरम बिंगहॅम नावाचे अमेरिकन प्राध्यापक तिथे पोहोचले आणि ‘हरवलेलं शहर सापडलं’ असा जगभर गाजावाजा झाला.

आता रायगड. समुद्रसपाटीपासून सुमारे सत्तावीसशे फूट उंच. खाली काळ आणि गांधारी या नद्या. मूळचं नाव रायरी. १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून तो महाराजांकडे आला. बखर लिहिणारे कृष्णाजी अनंत सभासद (आपण सगळेही सभासदच, पण आपण फक्त तक्रारवहीत लिहितो) सांगतात की गडाचे कडे तासल्यासारखे, पावसाळ्यात त्यावर गवतही उगवत नाही. ते पाहून महाराजांनी तख्तासाठी हीच जागा ठरवली. ६ जून १६७४ ला इथे राज्याभिषेक झाला. ३ एप्रिल १६८० ला इथेच महाराजांनी देह ठेवला. आणि १६८९ मध्ये गड मोगलांच्या ताब्यात गेला.

हिशेब करा. राज्याभिषेकापासून गड पडेपर्यंत वर्षं किती? पंधरा. आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. म्हणजे ज्या राजधानीच्या नावावरून आपल्या जिल्ह्याचं नाव पडलं, ती छत्रपतींची राजधानी म्हणून आपल्या बिल्डिंगपेक्षा कमी वर्षं नांदली! मला तरी हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा गप्प बसावंसं वाटलं.

आता रहस्यांकडे वळू. लोकांना तेच हवं असतं.

पहिलं रहस्य हत्तींचं. राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन आला होता. त्याने दाराशी लहान हत्ती उभे पाहिले आणि लिहून ठेवलं की इतक्या अवघड वाटेने हे वर आणले तरी कसे, याचंच नवल वाटलं. आपल्याकडे सांगतात की पिल्लं असताना वर आणली आणि गडावर वाढवली. दुसरं रहस्य राजसभेचं. सभा सुमारे सव्वादोनशे फूट लांब. नगारखान्याच्या दाराशी केलेली कुजबूज सिंहासनाच्या जागी ऐकू येते. मी सहलीला नेलेल्या प्रत्येक तुकडीने ते करून पाहिलंय. तिसरं, बाजारपेठेचं. समोरासमोर दोन लांबच लांब रांगा, जोती उंच. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून, असं वाटाडे सांगतात. काही अभ्यासक म्हणतात, ती दुकानं नव्हेतच, मातब्बरांच्या राहण्याच्या जागा असाव्यात. वाद चालू आहे, चालू दे.

पण माझ्या मते खरं रहस्य वेगळंच आहे, आणि ते विचारायला कोणी थांबत नाही. एवढ्या उंच खडकावर एवढी माणसं, घोडे, हत्ती राहिले. ते पाणी कुठलं प्यायचे?

आपल्या रायगड जिल्ह्यात शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो. पण कोकणचा पाऊस म्हणजे आला तसा समुद्राला गेला. तोच हिशेब गडावर. तिथे तर उतार कड्यावरूनच. चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडं. अशा ठिकाणी राजधानी करायची म्हणजे महाल बांधण्याआधी पाणी अडवायला हवं.

आणि तसंच केलेलं दिसतं. जगदीश्वराच्या मंदिराजवळ संस्कृत शिलालेख आहे, तो बांधकामप्रमुख हिरोजीचा. त्यात गडावर काय काय बांधलं त्याची यादी आहे. पुढच्या वेळी गेलात तर वाटाड्याकडून त्या यादीचा क्रम समजून घ्या. राजवाडे त्यात आहेत, हत्तींची घरंही आहेत, पण ती नंतर. सुरुवातीला काय येतं? बारव, विहिरी, तलाव. मग बाग, मग रस्ते, मग खांब, मग हत्तीशाळा, आणि गगनाला भिडणारे राजवाडे सगळ्यांत शेवटी. कवितेच्या सोयीने तसा क्रम लागला असेल, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. मला मात्र तो बांधणाऱ्या माणसाचा क्रम वाटतो.

गंगासागर तलाव बघा. राजवाड्याच्या अगदी अंगाशी, खोलगट जागेत, उतारावरचं पाणी आपसूक येईल असा. त्याशिवाय कुशावर्त, हत्ती तलाव, कोळिंब आणि खडकात खोदलेली कितीतरी टाकी. खोदकामाची युक्तीही साधी आणि हुशार: जिथे पाणी साठवायचं तिथला दगड काढायचा आणि तोच बांधकामाला वापरायचा. खड्डा झाला तलाव, दगड झाला तट. एका खर्चात दोन कामं. आपल्या खजिनदारांना हे नक्की आवडेल.

माचू पिचूचं रहस्यही अखेर पाण्याचंच निघालं. तिथे अभियंत्यांनी कित्येक वर्षं अभ्यास केला. डोंगरातल्या झऱ्यापासून सुमारे साडेसातशे मीटर लांबीचा दगडी पाट, बेताचा उतार देऊन गावात आणलेला. पुढे एकाखाली एक सोळा दगडी धारा. शेतीच्या पायऱ्या वरून हिरव्या दिसतात, पण मातीखाली वाळू-खडी, त्याखाली दगड, म्हणजे पाणी साचून भिंत फुगायची नाही. त्या अभ्यासकांचा अंदाज असा की तिथल्या एकूण बांधकामापैकी निम्म्याहून जास्त जमिनीखाली आहे. म्हणजे फोटोत दिसतं ते थोडं. जे दिसत नाही त्याने ते नगर पाच-सहाशे वर्षं उभं धरलंय.

एक फरक मात्र आहे. इन्का लोकांकडे आपल्यासारखी लिपी नव्हती. दोऱ्यांना गाठी मारून ते हिशेब ठेवत. त्यामुळे तो पाट कोणी आखला, त्याचं नाव आज कोणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजीचं नाव आहे, सेवेला तत्पर अशा अर्थाचं. आडनाव कोणी इंदुलकर वाचतात, कोणी इटळकर. महाराजांनी विचारलं काय हवं, तर त्याने म्हणे एवढंच मागितलं की देवदर्शनाला येताना आपली पायधूळ या नावावर पडावी. गोष्ट खरी असो की लोकांनी रचलेली, पायरीवरचं नाव खरं आहे.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडाच्या पाण्याबद्दल लिहून ठेवलं. सार सांगतो. गड बांधण्याआधी पाणी पाहावं. नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. एक झरा आहे, भरपूर वाहतोय, म्हणून त्याच्यावर विसंबून राहू नये. कारण लढाईच्या वेळी तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. म्हणून राखीव पाण्याची दोन-चार टाकी करून ठेवावीत आणि ते पाणी एरवी खर्चू नये. तीनशे वर्षांपूर्वीचं हे लेखन. आपल्या वार्षिक सभेत वाचून दाखवायला हरकत नाही.

मग हे सगळं बिघडलं कसं? १६८९ नंतर गडाचं नाव इस्लामगड झालं. १७३३ मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे आला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या. आग लागली, लाकूडकाम जळालं, गड गेला. पण तलाव तोफेने मेले नाहीत. गाळ कोणी काढला नाही, म्हणून ते हळूहळू मेले. हत्ती तलावाची भिंत इतकी गळायची की पावसाळा संपला की तळ दिसायचा. काही वर्षांपूर्वी ती गळती शोधून बुजवली आणि तलाव पुन्हा भरला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात रायगड आहे. आनंदच आहे. पण मला त्या भरलेल्या तलावाचा आनंद जरा जास्त झाला.

आता ‘हरवलेलं शहर’ या शब्दाबद्दल. बिंगहॅम माचू पिचूवर पोहोचले तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबं राहत होती. इन्कांच्याच पायऱ्यांवर मका-बटाटे पिकवत होती. पाहुण्यांना त्यांनी थंड पाणी दिलं, आणि वाट दाखवायला एक लहान पोरगा बरोबर दिला. त्याच्याही आधी, १९०२ मध्ये, अगुस्तिन लिझारागा नावाच्या तिथल्याच माणसाने भिंतीवर आपलं नाव लिहून ठेवलं होतं. मग शहर हरवलं होतं कोणासाठी? रायगडही तसाच. पुस्तकात ओसाड म्हणतात, पण पाचाड, रायगडवाडीच्या लोकांसाठी आणि गडावरच्या धनगर घरांसाठी तो कधी हरवलाच नव्हता. गडावर आपण ताक मागतो, तेव्हा ते कोणत्या टाक्याच्या पाण्यावर झालंय हे त्या मावशींना ठाऊक असतं.

माझ्या लहानपणी रोह्याच्या कोणत्याही घरातून अवचितगड दिसायचा. शाळेतून आम्हाला नेलं. रान माजलेलं, वाट चुकलेली, जीव तहानेने कासावीस. वर बारा बाजूंचं बांधीव तळं आहे. गुरुजींनी धोतराच्या सोग्यातून पाणी गाळून दिलं. गडाचा इतिहास मी विसरलो. त्या पाण्याची चव नाही विसरलो.

आता खाली उतरतो. माझं काम सांगतो म्हटलं होतं.

आपल्या आवाराच्या मागच्या कोपऱ्यात विहीर आहे. इथे वाडी होती तेव्हाची, काळ्या दगडाने बांधलेली. आपण राहायला आलो तेव्हा पहिली दोन वर्षं तिच्यावरच काढली. मग नळ आला, आपण तिच्यावर जाळी टाकली आणि विसरलो. आता ती बुजवून चार गाड्यांचं पार्किंग करायचा ठराव पुढच्या सभेपुढे आहे. ठराव मांडणाऱ्यांवर माझा राग नाही. पार्किंगची अडचण खरी आहे. माझ्याही मुलाची गाडी रस्त्यावरच असते.

पण जून २०२० आठवा. निसर्ग वादळ आलं. दिवसचे दिवस वीज नाही. वीज नाही म्हणून पंप नाही, गच्चीवरच्या टाक्या कोरड्या. टँकर येणार कसा? रस्त्यावर झाडं आडवी. तेव्हा जाळी कोणी उचलली? दोरी कोणी आणली? तिसऱ्या मजल्यापर्यंत बादल्या हातोहात कशा चढल्या? आपण सगळे त्या जिन्यात उभे होतो. आपला झरा तोफेने नाही, वादळाने आटला. आणि राखीव टाकं होतं म्हणून निभावलं.

शंभर इंच पावसाच्या या तालुक्यात खारेपाटातल्या बायकांना मे महिन्यात हंडे घेऊन वणवण करावी लागते, हे आपण येता-जाता बघतो. आपल्या दारात मात्र पाणी आहे, आणि ते आपण डबर टाकून बुजवणार.

माझी विनंती एवढीच. ठराव वर्षभर थांबवा. या उन्हाळ्यात एकदा गाळ काढू. गच्चीचे पावसाचे पाइप गटारात सोडलेत, ते गाळणी लावून विहिरीकडे वळवू. पुढच्या मे महिन्यात पाणी किती उभं राहतं ते बघू, आणि मग मतदान घ्या. विहीर कोरडी निघाली तर बुजवायला पहिला हात मी वर करीन. गाळ काढायच्या खर्चाची पहिली वर्गणी माझी. पाकीट आणलंय, खजिनदारांनी जाताना घ्यावं आणि पावती द्यावी.

काम झालं तर कठड्याच्या पायरीवर नाव कोणाचं कोरायचं, त्यावर सभेत भांडू. तेवढा वेळ आपल्याकडे नक्की आहे.

चला, पानं मांडली आहेत. नमस्कार.