फिरकी धरायला शिका

उत्तरायणाला आपल्या सुरतेत गच्चीगच्चीवर दिसतं : पोरगं पतंग उडवतंय आणि बाप मागे फिरकी धरून उभा आहे. ढील द्यायची, दोरा गुंडाळायचा, गुंता झाला की सोडवत बसायचं. सहा वर्षांच्या पोरामागे हे शोभतं. पण पोरगं तिशीला आलं, बापाचे गुडघे दुखू लागले, तरी फिरकी बापाच्याच हातात! आज मला याबद्दलच बोलायचं आहे.

लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या कितीतरी घरांतले वडील ऐन विशीत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने इथे आले आणि लूमवर उभे राहिले. आपण सोसलं ते लेकरांच्या वाट्याला नको, ही माया खरी. पण कमावत्या मुलाच्या बाइकचा हप्ता वडिलांनी का भरायचा? त्याचं उष्टं ताट आईने का उचलायचं? अशा मायेने मूल पांगळं होतं.

मुलांनी वेगळं बिऱ्हाड करावं, असं माझं म्हणणं नाही. शिक्षण लांबलंय, घरभाडं परवडत नाही, हे मलाही दिसतं. खुद्द प्रभू येशू बाराव्या वर्षी यरुशलेमच्या मंदिरात शास्त्र्यांशी बोलला आणि पुन्हा नासरेथला येऊन आईबापांच्या आज्ञेत राहिला. त्याने सुतारकी केली. कार्याला निघाला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, असं शुभवर्तमानात लूक सांगतो. तेव्हा आईबापांच्या घरी राहण्यात कमीपणा नाही. आणि वधस्तंभावर प्राण जाताना त्याने काय केलं? आईला शिष्याच्या हवाली केलं. आपला जीव कासावीस असताना दुसऱ्याची सोय पाहायची, ही ख्रिस्ती प्रौढता. पगार आणि लग्न या मोठेपणाच्या खुणा त्यानंतर.

पुन्हा सांगते, कारण हेच निसटतं. स्वतःचा पतंग उंच गेला म्हणून कुणी मोठं होत नाही. दुसऱ्याची फिरकी धरता आली की माणूस मोठा झाला. हेच पाहा : 1919 साली ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरचं काव्य अपुरं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची पन्नाशी उलटलेली, अक्षरओळखही लग्नानंतरची. त्यांनी ते काव्य हाती घेतलं आणि पुढे नेलं. पतीच्या हातून सुटलेला दोरा त्यांनी जमिनीवर पडू दिला नाही.

आणि आपल्या ख्रिस्ती मंडळीत? तरुण संघात पस्तिशीचे सभासद असतात. खुशाल असोत. पण उपासना संपल्यावर सतरंज्या गुंडाळायला साठीतले पंच वाकतात आणि तरुण संघ दारात मोबाइलमध्ये मान घालून उभा! मुलांनो, रागावू नका, तुमच्यावर जीव आहे म्हणून बोलते.

तेव्हा आयांनो, या आठवड्यात एक काम मुलावर सोपवा. आजीला दवाखान्यात न्यायचं असो की लाइटबिल भरायचं असो. बिल भरायला तो विसरला आणि घरात अंधार झाला, तर होऊ दे. तुम्ही धावत जाऊन भरू नका. आणि मुलांनो, तुम्ही कुणी सांगण्याची वाट पाहू नका, आजच विचारा : बाबा, यातलं काय माझ्याकडे देता?